सुकाणू कोणाच्या हाती?

अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा हे गाव समुद्रापासून बरेच आत, सह्याद्रीच्या पूर्वेस वसलेले आहे. तरीही 'सुकाणू' हा शब्द तेथील माणसाला परका नाही. सहकारी संस्थेचे सुकाणू नव्या संचालक मंडळाकडे आले, नगरपरिषदेचे सुकाणू अमुक एकाने सांभाळले, एखाद्या कार्यासाठी सुकाणू समिती नेमली गेली, अशी वाक्ये ह्या ऊसपट्ट्यात नेहमी कानी पडतात. 'कर्णधार' ह्या शब्दाची तीच गत आहे. कर्ण म्हणजे नौकेचे सुकाणू आणि ते धरणारा तो कर्णधार, हा त्याचा मूळ अर्थ. आज तो क्रिकेटच्या मैदानावर इतका रुळला आहे की, त्यात पाण्याचा थेंबही उरलेला नाही.

शब्द सभागृहात आले, पण ज्यांच्यावरून ते आले ती माणसे मात्र काठावरच राहिली. नाव, होडी किंवा जहाज हाकणे हा एक माणसाचा एकच उद्योग आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः त्यात तीन वेगवेगळी कामे असतात. कोठे व केव्हा जावयाचे, किंबहुना जावयाचे की नाही, हे ठरविणे हे पहिले काम. पाणी, वारा आणि तळ ओळखून वाट दाखविणे हे दुसरे. दिलेल्या दिशेने नौका प्रत्यक्ष वळविणे हे तिसरे. ही तीन कामे कोणाकोणात वाटली जातात आणि चूक झाल्यास उत्तर कोणी द्यावयाचे, हा प्रश्न नौकेइतकाच जुना आहे. तो केवळ समुद्राचा प्रश्न नाही. प्रवरेचा आणि तिच्यासारख्या प्रत्येक नदीचाही आहे.

नदीवरचा नावाडी

प्रवरा अकोले तालुक्यात रतनगडाच्या परिसरात उगम पावते. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघणाऱ्या कालव्यांनी पुढे संगमनेरपासून खालच्या मुलखाचे रूप पालटले. नेवासे तालुक्यात प्रवरासंगम येथे ही नदी गोदावरीला मिळते. आज तिच्यावर ठिकठिकाणी पूल आहेत. पूल नव्हते तेव्हा पावसाळ्याचे चार महिने दोन काठांचा व्यवहार नावाड्याच्या हाती असे. बाजार, सोयरीक, दुखणेकरी माणूस, टपाल, सगळे त्याच्या होडीतून जाई.

महाराष्ट्राच्या नद्यांवर हे काम बहुतांशी भोई आणि कोळी ह्या समाजांकडे होते. साधने परिस्थितीप्रमाणे असत. लाकडी नाव असेल तेथे नाव; नसेल तेथे सुके भोपळे किंवा ओंडके एकत्र बांधून केलेली सांगड. 'सांगड घालणे' ह्या वाक्प्रचारात हीच सांगड आहे. उसाच्या मुलखात पूर आला म्हणजे गुळाची काहीलही पाण्यात सोडली जाई. गोल काहिलीला नाळ नाही आणि शेपूटही नाही. ती जागच्या जागी गरगर फिरू पाहते. ती सरळ पैलतीराला नेणे हे वाटते तितके सोपे काम नव्हे.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. सुकाणू म्हणजे नौकेच्या मागील टोकाला बसविलेली, बिजागरीवर फिरणारी फळी. ती फळी स्वतः काहीच ढकलीत नाही. तिच्यावरून पाणी वाहत गेले तरच ते पाणी तिला एका बाजूस रेटते आणि त्या रेट्याने नौकेचा मागचा भाग सरकतो. प्रवाहाबरोबर नुसती वाहत जाणारी होडी आणि तिच्या सभोवतीचे पाणी सारख्याच वेगाने चाललेले असते. सुकाणूवरून पाणी जातच नाही, आणि म्हणून ते कितीही फिरविले तरी होडी दाद देत नाही. काठावरच्या माणसाला होडी वेगाने चाललेली दिसते. नावाड्याला मात्र ठाऊक असते की ती आता कोणाच्याच हाती नाही. नदीवरील नावाडी सुकाणूवर फारसा विसंबत नाही, वल्ह्यावर आणि वेळूच्या काठीवर विसंबतो, ह्याचे कारण हेच.

पूर आलेली नदी ओलांडण्याची त्याची रीतही अभ्यासण्याजोगी आहे. समोरचा घाट दिसतो म्हणून तो समोर निघत नाही. प्रथम तो आपल्याच काठाने प्रवाहाविरुद्ध बराच वर जातो, कारण काठाशी पाण्याचा जोर कमी असतो. मग होडीचे तोंड प्रवाहाकडे तिरपे धरून तो मधल्या धारेत शिरतो. प्रवाह त्याला खाली नेतो, वल्हे त्याला पलीकडे नेते आणि दोहोंच्या मेळातून होडी नेमकी घाटाला लागते. किती वर जावयाचे, हे त्या दिवशीच्या पाण्यावरून ठरते. ह्याला गणित म्हणावे असे काही त्याने शिकलेले नसते, पण हिशेब चुकला तर घाट हुकतो, आणि घाटाच्या खाली खडक किंवा बंधारा असेल तर होडीच हुकते.

ठरविणे, वाट ओळखणे आणि वळविणे ही तिन्ही कामे येथे एकट्या माणसाची आहेत. जुन्या राज्यव्यवस्थांनी मात्र मोठ्या नद्यांवर ती एकट्यावर सोडलेली नव्हती.

कौटिल्याचा नावध्यक्ष

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नौकानयनावर देखरेख करणाऱ्या 'नावध्यक्ष' नावाच्या अधिकाऱ्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. ज्या महानद्या हिवाळ्यात व उन्हाळ्यातही उतारावरून ओलांडता येत नाहीत, तेथे मोठ्या नावा ठेवाव्यात आणि त्यांवर चार प्रकारची माणसे असावीत, असे तेथे सांगितले आहे. शासक, म्हणजे हुकूम देणारा. निर्यामक, म्हणजे नौकेला दिशा देणारा. कोयता व दोर सांभाळणारे. आणि आत शिरलेले पाणी उपसून टाकणारे. हुकूम देणारा आणि दिशा देणारा ह्यांची नावेच निराळी आहेत, ही ध्यानात घेण्याजोगी बाब होय.

त्याच प्रकरणात नदी उतरून जाण्यासाठी 'तर' हा शब्द येतो. मराठीतही जुन्या काळी नदीवरच्या उतारू नावेच्या व्यवस्थेला तर म्हणत. आषाढी पौर्णिमेनंतरच्या सप्ताहापासून कार्तिकीपर्यंतच्या तरीची व्यवस्था त्यात सांगितली आहे. बालक, वृद्ध, आजारी, राजाज्ञा नेणारे आणि गर्भवती स्त्रिया ह्यांना नावध्यक्षाच्या मुद्रेवर नदी ओलांडण्याची सवलत होती.

परंतु सर्वांत महत्त्वाचा नियम नुकसानभरपाईचा आहे. पुरेशी माणसे नसल्यामुळे, साहित्य नसल्यामुळे किंवा नाव दुरुस्त न ठेवल्यामुळे ती बुडाली, तर जे गेले ते नावध्यक्षाने भरून द्यावे, असे कौटिल्य सांगतो. वल्हे मारणाऱ्याकडे बोट दाखवून अधिकाऱ्याला सुटता येत नसे. हा नियम व्यवहारात कितपत पाळला गेला असेल ते असो. जबाबदारी कोठे ठेवावी ह्याविषयीचा विचार मात्र अगदी स्वच्छ आहे.

वाट ओळखण्याच्या कामाची थोरवी जातककथांनी सांगितली आहे. सुप्पारक नावाच्या निर्यामकाची एक कथा आहे. खाऱ्या पाण्याने त्याची दृष्टी गेली होती. तरीही व्यापारी त्याला भडोच बंदरातून आपल्या नौकेवर घेऊन गेले आणि अनोळखी समुद्रांतून त्याने ती नौका सुखरूप परत आणली. त्याचे नाव शूर्पारकाशी, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील नालासोपाऱ्याशी जुळते. कथा अद्भुत आहे, पण तिच्यातील एक अंश व्यवहाराचा आहे. हात दुसऱ्याचे असतील, डोळेही दुसऱ्याचे असतील, पण पाण्याचे ज्ञान ज्याच्यापाशी आहे त्याच्यावाचून नौका निघत नाही.

नाखवा, मालिम, सारंग, सुकाणी

अरबी समुद्रावर अरब, इराणी आणि कोकणी खलाशी शतकानुशतके एकत्र वावरले. त्यामुळे मराठीतील नौकाविषयक शब्दांत तिन्ही किनाऱ्यांची सरमिसळ झाली आहे. 'सुकाणू' मूळ अरबी 'सुक्कान'. 'नाखवा' हा फारसी 'नाखुदा', म्हणजे नावेचा धनी. 'मालिम' हा अरबी 'मुअल्लिम', म्हणजे शिक्षक. वाट दाखविणाऱ्याला समुद्राने गुरुजी म्हणावे, हे मोठे अर्थपूर्ण आहे. 'सारंग' फारसी 'सरहंग' पासून आला. सरहंग म्हणजे नायक. शिवकालीन आरमारातील 'दर्यासारंग' ह्या किताबात तोच शब्द आहे.

अबुल फजलच्या 'आइन-इ-अकबरी' ह्या सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या ग्रंथात मोठ्या जहाजावरील माणसांचे बारा वर्ग दिले आहेत. नाखुदा हा धनी, तो प्रवासाचा मार्ग ठरवी. मुअल्लिमाला खोल पाणी, उथळ पाणी आणि आकाशातील तारे ह्यांचे ज्ञान लागे. तांडेल हा खलाशांचा प्रमुख. सरहंग नांगर टाकणे व जहाज धक्क्याला लावणे पाही. भंडारी कोठीवर, करानी हिशेबावर. 'सुक्कानगीर' मुअल्लिमाच्या आज्ञेप्रमाणे सुकाणू धरी. 'पंजरी' डोलकाठीच्या टोकावर बसून जमीन, दुसरे जहाज किंवा येणारे वादळ दिसताच खाली ओरडून सांगे. पाणी उपसणारे, तोफ डागणारे, शिडे चढविणारे आणि उतरविणारे खारवे, हे आणखी. म्हणजे ज्याच्या हाती सुकाणू, तो ह्या यादीत बराच खाली आहे. आपल्या भाषणांतून सुकाणू हाती असलेला माणूस सर्वांत वर असतो. जहाजावर तसे नव्हते आणि आजही नाही.

त्याच ग्रंथात नद्यांवरील उताराचे दरही आहेत. हत्तीला दहा दाम, आणि वीस माणसांना मिळून एक दाम. माणसाचा उतार इतका स्वस्त ठेवण्यामागे दळणवळण चालू राहावे हाच हेतू असावा.

कोकण किनाऱ्यावरील मच्छीमार बोटीवर ही उतरंड आखूड होते. नाखवा हा बोटीचा मालक; तो बोटीवर असेल किंवा नसेल. तांडेल हा बोटीवरील प्रमुख, आणि वाट ओळखणे व हुकूम देणे ही दोन्ही कामे त्याच्याकडे. किनाऱ्यावरचा डोंगर आणि देवळाचा कळस एका रेषेत आले की खाडीच्या मुखाशी असलेला वाळूचा दांडा चुकविता येतो, उधाणाला कोणती वाट खुली होते आणि भांगाच्या पाण्यात कोणती बंद राहते, हे ज्ञान तांडेलाच्या घराण्यांतून पुढे आले. आता बहुतेक बोटींवर उपग्रहावरून स्थान दाखविणारे यंत्र असते. यंत्र जागा दाखविते. आज समुद्रावर जावे की जाऊ नये हे तांडेललाच ठरवावे लागते.

चाकावरचा सुकाणी

आजच्या मोठ्या व्यापारी जहाजावर तिन्ही कामांची वाटणी कठोरपणे केलेली आढळते. जहाजाचा प्रमुख कप्तान. त्याच्या हाताखालील अधिकारी पाळीपाळीने, चार तास काम आणि आठ तास विश्रांती ह्या जुन्या रिवाजाने, पहाऱ्यावर असतात. अधिकारी दिशा सांगतो. चाक मात्र अधिकाऱ्याच्या हाती नसते, ते खलाशी वर्गातील माणसाच्या हाती असते. इंग्रजी अमदानीत भारतीय खलाशांच्या जहाजांवर ह्या माणसाला 'सीकनी' म्हणत. हा आपला सुकाणीच, इंग्रजी पेहरावात.

सुकाणीच्या कामातील मुख्य शिस्त म्हणजे हुकूमाचा पुनरुच्चार. अधिकाऱ्याने 'स्टारबोर्ड टेन' म्हणजे उजवीकडे दहा अंश असे म्हटले, की सुकाणी तेच शब्द मोठ्याने परत उच्चारतो. मग चाक फिरवितो आणि सुकाणू दहा अंशांवर आले की तसे पुन्हा कळवितो. ऐकण्यात झालेली चूक हाताकडे जाण्यापूर्वीच कानात पकडली जावी, एवढाच ह्यामागील हेतू. बाहेरच्या माणसाला ही पोपटपंची वाटते. परंतु सर्वांत धोक्याची चूक डावे-उजवे ह्यांचीच असते, आणि त्या चुकीला इतिहासही आहे.

लहान होडीवर सुकाणूला चाक नसते, दांडा असतो. दांडा उजवीकडे ढकलला की होडी डावीकडे वळते. जुन्या जहाजांवर हुकूम ह्या दांड्याला धरून दिले जात. चाके आली तरी हुकूम तसेच राहिले, म्हणजे 'उजवीकडे' असे म्हणावयाचे आणि जहाज डावीकडे वळवावयाचे. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री 'टायटॅनिक'समोर हिमनग दिसला तेव्हा दिलेला हुकूम शब्दशः उजवीकडचा होता आणि जहाज, त्या काळच्या रीतीप्रमाणे, बरोबर डावीकडे वळले. ही उलटी रीत १९२९ च्या सागरी सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय करारानंतर मोडीत निघाली.

सुकाणीला आणखी एक गोष्ट अंगवळणी पाडावी लागते. मोटार पुढच्या चाकांनी वळते, जहाज मागच्या भागाने वळते. सुकाणू उजवीकडे नेले की आधी जहाजाची शेपटी डावीकडे फेकली जाते आणि मग तोंड उजवीकडे येते. धक्क्याजवळ किंवा दुसऱ्या नौकेच्या बाजूने जाताना ज्याला आपल्या शेपटीचा विसर पडतो, तो तोंड वाचवून पाठ आपटून घेतो. शिवाय भरलेल्या जहाजाला हुकूम पोहोचल्यावरही वळण्यास वेळ लागतो, आणि एकदा वळू लागले की थांबविण्यासाठी आधीच उलट सुकाणू द्यावे लागते. चांगला सुकाणी चाक कमीत कमी फिरवितो.

खुल्या समुद्रावर हे काम आता बहुधा स्वयंचलित यंत्र करते. तथापि चिंचोळ्या वाटेत, गर्दीच्या पाण्यात किंवा धुक्यात माणसाला तत्काळ चाक हाती घेता आले पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. १९७२ च्या टक्कर-प्रतिबंधक नियमांनी प्रत्येक नौकेवर सदैव नजर ठेवणारा असावा असे बंधन घातले. आइन-इ-अकबरीतील पंजरीच तो. खलाशांच्या प्रशिक्षणाविषयीचे आंतरराष्ट्रीय नियम तर ह्याहून पुढे जातात. चाक धरलेला माणूस त्याच वेळी नजर ठेवणारा मानला जाणार नाही. चोहीकडे मोकळे दिसते अशा लहान नौकांपुरताच ह्याला अपवाद आहे.

बंदरात शिरताना चौथा माणूस येतो, तो पायलट. मुंबईसारख्या बंदरात ठराविक आकारावरील जहाजांना तो घ्यावाच लागतो. दोरीच्या शिडीवरून तो चालत्या जहाजावर चढतो आणि बंदरातील खडक, गाळ व भरती-ओहोटी ह्यांचे ज्ञान कप्तानापुढे ठेवतो. पायलट आला म्हणून कप्तानाची जबाबदारी मात्र संपत नाही. पायलट चुकत आहे असे दिसल्यास त्याला रोखण्याचा अधिकार कप्तानाला असतो, आणि तो त्याचे कर्तव्यही ठरते.

ह्या क्षेत्रात भारतीयांना अधिकारपदाचे दार १९२७ साली मुंबईत 'डफरिन' ह्या शिक्षणनौकेमुळे उघडले. १९७२ साली तिची जागा 'राजेंद्र' ने घेतली. त्यानंतर नवी मुंबईत 'चाणक्य' ही संस्था आली. खलाशी वर्गासाठी दहावीनंतरचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. देवळालीसारख्या गावचा मुलगाही त्याला पात्र ठरू शकतो. समुद्र आधी पाहिलेला असण्याची अट त्यात नाही. मात्र नौवहन महासंचालनालयाने मान्य केलेल्या संस्थांची यादी पाहिल्याशिवाय कोणाही दलालाला पैसे देऊ नयेत. ह्या नावाखाली ग्रामीण भागातील कुटुंबांची फसवणूक होत असते.

जेथे सुकाणूचा इलाज चालत नाही

उत्तम सुकाणी असूनही नौका बुडते, आणि अशा दुर्घटना बहुधा निघण्यापूर्वीच्या निर्णयात रुजलेल्या असतात. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आषाढ अमावास्येचा दिवस होता. समुद्र खवळलेला होता, बोट भरलेली होती. लाटेचा तडाखा बसताच घाबरलेले उतारू एका बाजूस धावले आणि बोट कलंडली. अशा वेळी चाक कोणत्याही दिशेला फिरविले तरी उपयोग नसतो. सुकाणू नौकेची दिशा बदलू शकते, तिचा तोल सांभाळू शकत नाही. बुडाल्याची वार्ता मुंबईला पोहोचली तीही काही तासांनी, वाचलेल्यांकडून.

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' ह्या उतारू बोटीला इंजिनाची चाचणी चालू असलेल्या नौदलाच्या वेगवान नौकेने धडक दिली. पंधरा जणांचा बळी गेला. त्या नौकेवरील नियंत्रण सुटल्याचे नौदलाने सांगितले. सुकाणू निकामी झालेली वेगवान नौका अंगावर येते तेव्हा समोरच्याला उरते ते फक्त आधीच दिसण्यावर आणि हाताशी असलेल्या जीवनरक्षक जाकिटांवर.

समुद्रावरील अशा घटनांची निदान चौकशी होते, नियम बदलतात. धरणांच्या जलाशयांवरील बोटींकडे मात्र बराच काळ कोणाचे लक्ष नव्हते. धरणे झाली आणि नदी रुंदावून तळे झाले. उजनीचे पाणी साठल्यावर करमाळा आणि इंदापूर तालुक्यांतील एकमेकांसमोरची गावे रस्त्याने दूर गेली, पाण्याने मात्र जवळच राहिली. अशा ठिकाणी होडीचा जुना धंदा नव्याने उभा राहिला. पण पाणी ते राहिले नव्हते. नदीच्या नावाड्याचे सारे ज्ञान प्रवाहाचे. जलाशयात प्रवाह जवळजवळ नाही, तेथे सत्ता वाऱ्याची. मैलोगणती मोकळ्या पाण्यावरून वारा आला की आखूड आणि उभ्या लाटा उठतात, आणि कमी उंचीच्या होडीत काठावरून पाणी शिरते. अशा वेळी होडीचे तोंड लाटांकडे धरून वेग कमी ठेवावा लागतो. किनारा गाठण्याच्या घाईत होडी लाटांना आडवी केली की ती उलटते. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात सापडून उजनीत उलटली आणि सहा जण बुडाले.

त्यानंतर दोनच दिवसांनी, २३ मे २०२४ रोजी, दुर्घटना प्रवरेवर घडली. अकोले तालुक्यातील सुगाव बुद्रुक येथे बुडालेल्या तरुणांचा शोध घेण्यास राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आली होती. तिची बोट भोवऱ्यात सापडून उलटली आणि दलाचे तीन जवान मृत्यू पावले. ही माणसे पोहण्यात व बोट चालविण्यात शिकलेली होती. प्रवरा काठावरून जितकी दिसते तितकीच नाही, ह्याचा ह्याहून दुःखद पुरावा नको.

बंधारे असलेल्या नदीवर हे विशेष जाणून घेतले पाहिजे. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी तळाशी झेप घेते आणि पृष्ठभागावरचे पाणी त्या पोकळीकडे, म्हणजे भिंतीकडे, उलटे ओढले जाते. बाहेरून तेथे थोडा फेस आणि संथ पाणी दिसते. त्यात शिरलेली होडी भिंतीकडे खेचली जाते, पडणाऱ्या पाण्याखाली येते आणि उलटते. बुडालेला माणूस तेथेच पुन्हा पुन्हा फिरविला जातो. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने वल्ह्याला आणि इंजिनाच्या पंख्याला पकडच मिळत नाही. त्या पट्ट्यापासून दूर राहणे हेच तेथील नौकानयन. प्रवरेसारख्या नदीत तर पाणी पावसाबरोबरच धरणातून सोडलेल्या आवर्तनावरही अवलंबून असते. आभाळ निरभ्र असताना नदी वाढू शकते. म्हणून आजच्या नावाड्याला वाऱ्याइतकेच जलसंपदा विभागाच्या विसर्गाच्या सूचनेकडे लक्ष ठेवावे लागते.

कायद्याने काय ठरविले आहे

ह्या भागातील उतारू नावांना कायद्याचे नियंत्रण नव्हते असे नाही. मुंबई इलाख्यात १८६८ साली उतारू नावांविषयी कायदा झाला. यंत्रचलित नौकांसाठी १९१७ चा अंतर्देशीय नौका कायदा आला. त्याखाली कप्तान, सारंग, इंजिन चालविणारा अशी प्रमाणपत्रे देण्याची व्यवस्था झाली. म्हणजे 'सारंग' हा दर्यावरचा शब्द कायद्याच्या मार्गाने नद्यांवर आला. महाराष्ट्रात १९९६ च्या कायद्याने सागरी मंडळ स्थापन झाल्यावर हे काम मंडळाकडे आले. परंतु वल्ह्याची होडी, सांगड, काहील ही सर्व साधने १९१७ च्या कायद्याच्या जाळ्यातून सुटलेलीच राहिली, आणि होडीला मागाहून इंजिन बसविले तरी कितीतरी ठिकाणी नोंद होत नसे.

२०२१ साली संसदेने केलेल्या नव्या अंतर्देशीय नौका कायद्याने १९१७ चा कायदा रद्द केला. सर्व राज्यांत चालेल अशी नोंदणी, नौकेची तपासणी, चालविणाऱ्याचे प्रमाणपत्र आणि विमा ह्या बाबी त्यात आहेत. यंत्र नसलेल्या नौकांसाठीही त्यात स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यांच्या नोंदीचे काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविण्याची तरतूद आहे. ज्या पंचायती आणि नगरपरिषदांच्या हद्दीत नदी, जलाशय किंवा मोठा तलाव आहे, त्यांच्यापुढे ह्यामुळे काही साधे प्रश्न येतात. आपल्या हद्दीत किती होड्या आहेत? त्यांपैकी किती माणसे वाहतात? होडीत किती जणांनी बसावे ह्याची रेघ तिच्या अंगावर रंगविली आहे काय? प्रत्येकाला जाकीट आहे काय, आणि ते अंगात घातले जाते की फळीखाली ठेवले जाते? वारा वाढला तर आज फेरी बंद असे सांगण्याचा अधिकार कोणाचा, आणि ते सांगितल्यावर बुडालेल्या रोजाचे काय?

शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर बाकीची उत्तरे कागदावरच राहतील. घाटावर पंधरा माणसे उभी असतात, त्यांत परीक्षेला निघालेला मुलगा असतो, दवाखान्याची चिठ्ठी घेतलेली म्हातारी असते. प्रत्येकाला पलीकडे जावयाचे असते आणि नावाड्याला सायंकाळपर्यंत घर चालेल एवढे मिळवावयाचे असते. जहाजावरच्या कप्तानाला न निघण्याचा निर्णय घेता येतो, कारण त्याचा पगार त्या फेरीवर अवलंबून नसतो. होडीवाल्याचा असतो. कौटिल्याने भरपाईचा बोजा वल्हे मारणाऱ्यावर न टाकता नावध्यक्षावर टाकला, त्यामागे हाच विचार असला पाहिजे. जेथे फेरी ठेक्याने दिली जाते, तेथे ठेक्याच्या अटींतच वाऱ्यामुळे व विसर्गामुळे बंद राहणाऱ्या दिवसांची सूट लिहिता येते. त्यासाठी कोणताही नवा कायदा लागत नाही. ठेका देणाऱ्या संस्थेचा एक ठराव पुरतो.